दूरच्या डॉक्टरांचं दुसरं मत



न्हावा शेवा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? कंटेनर! लाल, निळे, हिरवे, एकावर एक रचलेले. न्हावा आणि शेवा ही मुळात पनवेल-उरणच्या खाडीकाठची दोन गावं. १९८९ साली इथं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि या दोन गावांची नावं जगभरच्या खलाशांच्या तोंडी गेली.

जहाजांना निशाणांची भाषा असते, बरं का! जहाजावर नुसतं पिवळं निशाण फडकलं, तर त्याचा अर्थ, ‘आमच्या जहाजावर सगळे निरोगी आहेत, बंदरात यायची परवानगी द्या.’ आणि निळ्या चौकटीत पांढरी चौकट आणि मधोमध लाल चौकोन असं निशाण दिसलं तर? ‘आम्हाला वैद्यकीय मदत हवी आहे!’

पण भर समुद्रात हे निशाण बघणार कोण? कंटेनर वाहणारं जहाज तीन-तीनशे मीटर लांब असलं, तरी त्यावर माणसं असतात जेमतेम वीस-पंचवीस. त्यांत डॉक्टर नसतो. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की जहाजावर शंभर किंवा जास्त माणसं असतील आणि परदेशी सफर तीन दिवसांहून मोठी असेल, तरच डॉक्टर ठेवणं सक्तीचं. बाकीच्या जहाजांवर एखाद्या अधिकाऱ्याला औषधोपचाराचं शिक्षण दिलेलं असतं आणि त्याच्या हाताशी औषधांची पेटी असते.

आता समजा, किनारा दोन दिवसांवर आहे आणि एका खलाशाच्या छातीत कळ आली. काय करायचं?

यावर इटलीतल्या गुइदो गुइदा नावाच्या डॉक्टरांनी एक सोय केली. त्यांनी १९३५ साली रोममध्ये एक केंद्र सुरू केलं. कुठल्याही देशाच्या जहाजानं बिनतारी संदेश पाठवावा आणि डॉक्टरांनी फुकट सल्ला द्यावा! बिनतारी संदेशाचे जनक मार्कोनी हेच या केंद्राचे पहिले अध्यक्ष होते. आज असा सल्ला अनेक देशांतून मिळतो. कुठल्याही देशाचं जहाज असो, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, असा नियमच आहे.

रोगी दिसत नाही, तर डॉक्टर सल्ला देतात कसा? प्रश्न विचारून! कळ कधीपासून आहे? हातात, जबड्यात जाते का? घाम सुटलाय का? नाडी मिनिटाला किती? समोरच्यानं नीट पाहून खरी उत्तरं दिली, तर बरंच काही कळतं. मग ठरतं, की जहाजावरच उपचार करायचे, जवळच्या बंदराकडे वळायचं की हेलिकॉप्टर मागवायचं. नुसत्या अंदाजानं उत्तर दिलं, तर माणसाचा जीव जाऊ शकतो.

हृदयाच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. हृदय प्रत्येक ठोक्याला बारीकशी वीज निर्माण करतं. ती कागदावर उमटवली, की झाला ईसीजी. नेदरलँड्समधले विलेम आइनथोव्हेन यांनी यासाठी यंत्र बनवलं, पण ते होतं सुमारे २७० किलोंचं! ते रुग्णालयात नेणार कसं? त्यांनी उलटा विचार केला. यंत्र हलवायचं नाही, हृदयाची वीजच हलवायची. १९०५ साली त्यांनी लायडन गावातल्या रुग्णालयातल्या रोग्याच्या हृदयाची वीज टेलिफोनच्या तारेतून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत आणली. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

आज तोच ईसीजी मोबाइलवरून क्षणात जातो. म्हणूनच हृदयरोगतज्ज्ञ दूर बसून ‘दुसरं मत’ देऊ शकतात. समजा, उरणच्या एखाद्या आजोबांना डॉक्टरांनी सांगितलं, ‘बायपासचं ऑपरेशन करावं लागेल.’ घरात सगळे घाबरतात. करायचं की नाही? औषधांवर भागेल का? स्टेंट घालून चालेल का? अशा वेळी आजोबांचे कागद दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवता येतात.

यात एक गंमत आहे. दुसरा तज्ज्ञ नुसता रिपोर्ट वाचून थांबत नाही. रिपोर्ट म्हणजे पहिल्या डॉक्टरांनी काय पाहिलं ते. तो मूळ ईसीजी मागतो, सोनोग्राफीसारख्या इको तपासणीची चित्रं मागतो आणि अँजिओग्राफीची हलती फिल्म मागतो. रक्तवाहिनी कुठं अरुंद झाली आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. तुमच्या गणिताचं फक्त उत्तर बघून ते बरोबर की चूक ठरवता येत नाही, सगळ्या पायऱ्या बघाव्या लागतात. तसंच हे!

मग तो म्हणतो, ‘ऑपरेशनच योग्य आहे,’ किंवा ‘आधी ही आणखी एक तपासणी करा,’ किंवा ‘मला वेगळं वाटतं, आणि त्याचं कारण हे.’ मतं जुळली नाहीत, तर कारणं विचारायची आणि ती आपल्या डॉक्टरांपुढे ठेवायची. दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे. चांगले डॉक्टर स्वतःही अवघड वेळी एकमेकांना विचारतात.

पण दूरच्या डॉक्टरांना रोग्याच्या पायाची सूज बोटानं दाबून बघता येत नाही. जिना चढताना त्याला लागणारा दम दिसत नाही. ते काम जवळच्या डॉक्टरांचं आणि घरच्यांचं. आणि मुख्य गोष्ट म्हणजे छातीत अचानक कळ आली, घाम सुटला, दम कोंडला, तर दुसऱ्या मताची वाट बघायची नाही! महाराष्ट्रात १०८ नंबर फिरवायचा आणि रुग्णवाहिका बोलवायची. हृदयाचा झटका आला असेल, तर एकेक मिनिट मोलाचं असतं.

मग यात तुमचं काम काय? आजी-आजोबांची फाइल तारखेप्रमाणे लावून द्या. चालू गोळ्यांची नावं, किती आणि केव्हा, हे सुवाच्य अक्षरात एका कागदावर लिहा. डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही आधीच लिहून ठेवा, नाहीतर दवाखान्यात गेल्यावर मोठ्या माणसांनाही आठवत नाहीत!

करून पाहा : अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटावर दुसऱ्या हाताची दोन बोटं हलकेच ठेवा. (अंगठा ठेवू नका, त्याची स्वतःची नाडी घोटाळा करते.) पंधरा सेकंदांतले ठोके मोजा आणि चारानं गुणा. आता पन्नास उड्या मारा आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा. हीच तपासणी घरातल्या मोठ्यांची करा, पण त्यांना उड्या मारायला लावू नका हं! फक्त शांत बसलेले असताना मोजा.