'सिंघम'ला टाळ्या वाजवण्याआधी बदलापूर आठवा



२३ सप्टेंबर २०२४ ची संध्याकाळ. बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, अशी बातमी आली. तासाभरात आमच्या कल्याणच्या विहाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सिंघम'मधल्या अजय देवगणचा व्हिडिओ येऊन पडला. खाली अंगठ्यांची रांग. टाकणारा पोरगा आपलाच. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे असणारा, एमपीएससीचा अभ्यास करणारा. मी त्याला फोन करून विचारलं, "अरे, यात तुला आनंद कसला झाला?" तो म्हणाला, "ताई, पोरींना न्याय मिळाला ना."

हा लेख त्या एका वाक्याला उत्तर आहे.

आधी सिनेमाबद्दल बोलू, कारण न्यायाची ही व्याख्या त्या पोराला पुस्तकातून मिळालेली नाही. रोहित शेट्टीची पोलिसपटांची मालिका २०११ मध्ये 'सिंघम'पासून सुरू झाली. 'सिंघम रिटर्न्स', 'सिम्बा', 'सूर्यवंशी', 'सिंघम अगेन' अशी ती आजवर चालत आली. नायक मराठी, वर्दी मराठी, शिव्याही मराठी. म्हणून आपल्या पोरांना तो घरातला वाटतो.

यातला २०१८ चा 'सिम्बा' थेट बलात्कारावर आहे. नायक लाचखोर पोलिस अधिकारी. तो जिला बहीण मानतो ती आकृती गरीब मुलांना शिकवणारी तरुणी. तिच्यावर बलात्कार होतो आणि ती मरते. तिच्या मरणाने नायकाचा आत्मा जागा होतो. मग तो दोन्ही आरोपींना पोलिस ठाण्यातच बनावट चकमकीत मारतो. चौकशीला कोण येतो? सिंघम. तो त्याला सोडवतो. प्रेक्षक शिट्ट्या मारत बाहेर पडतात.

आता हिशोब मांडा. अत्याचार झाला आकृतीवर, सुधारला पोलिस. मेली ती, हिरो झाला तो. पंचनामा, वैद्यकीय तपासणी, साक्ष, उलटतपासणी ही सगळी लढाई पटकथेतून गायब, कारण लढायला बाईच जिवंत ठेवलेली नाही. जिवंत राहिली असती तर ती बोलली असती, आणि तिचं बोलणं नायकाला परवडलं नसतं.

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकेतली विज्ञानकथांची मालिका १९६६ पासून चालू आहे आणि प्रगत भविष्य दाखवणारी म्हणून नावाजली जाते. तिच्या पहिल्याच वर्षीच्या एका भागात कॅप्टनचं दुष्ट रूप एका कनिष्ठ महिला कर्मचाऱ्यावर लैंगिक हल्ला करतं. भागाच्या शेवटी एक अधिकारी तिलाच त्या हल्लेखोराबद्दल चेष्टेने टोमणा मारतो. ती भूमिका करणाऱ्या ग्रेस ली व्हिटनी यांनी १९९८ मध्ये आत्मचरित्रात लिहिलं की त्याच मालिकेत काम करताना निर्मितीतल्या एका बड्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला होता. पडद्यावर बाईच्या वेदनेला किंमत नाही तिथे पडद्यामागेही ती नसते.

तेव्हा कुठलाही सिनेमा पाहताना एकच प्रश्न विचारा : अत्याचारानंतर ती बाई गोष्टीत उरते का?

हाच प्रश्न बदलापूरला लावा. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. तक्रार द्यायला गेलेल्या पालकांना पोलिस ठाण्यात तासन् तास ताटकळत बसवलं गेलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, बदलापूर स्थानक दिवसभर बंद राहिलं, तेव्हा कुठे सरकार हललं. दिरंगाईसाठी तीन पोलिसांना निलंबित केलं गेलं. आंदोलन करणाऱ्यांवरही गुन्हे पडले. मग महिन्याभराने आरोपी मेला, आणि मुंबईत 'बदला पुरा'चे फलक लागले. त्यावर तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांच्या हातात बंदूक दाखवली होती. मुली गोष्टीतून गायब, पालकांना ताटकळवणारं ठाणं गायब. उरला फक्त नायक.

शाळेचे फरार विश्वस्त त्या दिवशीही पोलिसांना सापडलेले नव्हते. त्यांना अटक झाली ती ऑक्टोबरमध्ये. मेला तो शाळेत साफसफाई करणारा कामगार. तो निर्दोष होता असं मी म्हणत नाही. तो दोषी होता की नाही हे आता कुठलंच न्यायालय सांगू शकणार नाही, आणि त्याच्या तोंडून शाळेबद्दल जे बाहेर आलं असतं तेही गेलं. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. त्यात या मृत्यूला पाच पोलिस जबाबदार असल्याचा निष्कर्ष होता. ही बातमी मात्र आमच्या ग्रुपवर कुणी टाकली नाही.

साथींनो, बंदुकीचं तोंड कुणाकडे वळतं ते बघा. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. सुरेखा आणि प्रियंका भोतमांगे. तिथे कुणाचं एन्काउंटर झालं? बलात्काराचं कलमसुद्धा लागलं नाही. न्यायालयाने ॲट्रॉसिटी कायदाही लागू धरला नाही. गावातल्या वरच्यांपुढे ज्या यंत्रणेची लेखणी उचलत नाही, तिची बंदूक गरिबापुढे चटकन सुटते.

२०१९ मध्ये हैदराबादला चार आरोपी असेच मारले गेले. पोलिसांवर फुलं उधळली गेली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं की पोलिसांनी ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या, आणि चौघांतले तिघे अल्पवयीन होते.

आणि पोलिस ठाणं ही बाईला न्याय देणारी जागा, हे आपल्याला कोण शिकवतंय? १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलिस ठाण्याच्या आवारातच मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या. त्या निकालाविरुद्ध देशभरातल्या बाया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, कडक शिक्षा आली. हा बदल आंदोलनाने आणि कायद्याने घडवला. त्यात कुठलाही सिंघम नव्हता.

डिसेंबर २०२४ आठवा. परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आपली माणसं रस्त्यावर आली, धरपकड झाली आणि सोमनाथ सूर्यवंशी कोठडीत गेला तो परत आलाच नाही. सप्टेंबरमध्ये आपण ज्या वर्दीला विनाखटला मारायचा परवाना टाळ्या वाजवून दिला, तीच वर्दी डिसेंबरमध्ये आपल्या वस्तीत आली.

"ताई, पण कोर्टात वीस-वीस वर्षं जातात," हे तो पोरगा म्हणालाच. खरं आहे. मी स्वतः आयांसोबत कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. पण उशिरावर उपाय म्हणजे वेळ कमी करणं, कोर्टच मोडणं नव्हे. पोक्सो कायदा म्हणतो, शक्यतो वर्षभरात खटला संपवा. मग विशेष न्यायालयं, सरकारी वकील, महिला अधिकारी पुरेसे का नाहीत, हा प्रश्न आपण आमदाराला विचारत नाही. एका गोळीने तो प्रश्नच मिटवला जातो. सरकारला ही सोय फार स्वस्त पडते.

त्याच पोक्सो कायद्यात एक छोटी तरतूद आहे. मुलाचा जबाब घेताना पोलिस अधिकारी गणवेशात नसावा. कलम २४. कायदा करणाऱ्याला कळलं होतं की भेदरलेल्या लेकराला वर्दीची भीती वाटते. ज्या क्षणी कायदा वर्दी उतरवायला सांगतो, त्याच क्षणी हे सिनेमे वर्दीवर कॅमेरा रोखतात. कायदा मुलाकडे पाहतो, सिनेमा पोलिसाकडे.

'सिंघम अगेन' एन्काउंटरनंतर सव्वा महिन्याने दिवाळीला आला. त्यात नायकाच्या बायकोचं अपहरण होतं आणि सगळी कथा रामायणाच्या साच्यात बसवली आहे. बाई म्हणजे पळवण्याची आणि सोडवण्याची वस्तू. सोडवून आणलेल्या सीतेशी राम कसा वागला, हा प्रश्न बाबासाहेबांनी 'रिडल्स'मध्ये विचारला होता. त्यांच्या लेकरांनी तिकीट काढून तीच गोष्ट पाहावी आणि शिट्टी मारावी?

सिनेमा पाहू नका असं मी म्हणत नाही. पण विहारात पुढच्या रविवारी 'सिम्बा'वर चर्चा ठेवा, पोरींना आधी बोलू द्या. वस्तीत अशी घटना घडली तर त्या आईबरोबर ठाण्यात जा. हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवू लागलं तर झिरो एफआयआरचा आग्रह धरा. बलात्काराची तक्रार न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली तुरुंगवास होऊ शकतो, हे त्याला शांतपणे ऐकवा. शाळेने दडवलं तर पोक्सोचं कलम २१ शाळेच्या प्रमुखालाही लागू होतं. मुलीचं नाव, शाळा, फोटो कुठल्याही ग्रुपवर जाऊ देऊ नका. आणि पहिल्या तारखेला जाल तसेच दहाव्या तारखेलाही जा. तिथे गर्दी नसते, कॅमेरा नसतो. न्यायाचं काम तिथेच चालतं.

बाबासाहेबांनी आपल्या हातात संविधान दिलं, बंदूक नाही. ज्या दिवशी बंदूकच न्याय करू लागेल, त्या दिवशी नेम आपल्यावर असेल.

जय भीम! जय संविधान!