जुना खेळाडू ठेवा, पण काम ठरवून

आयपीएल संघांच्या याद्या जाहीर झाल्या की स्टाफरूमपासून घरापर्यंत एकच वाद रंगतो. धोनीला अजून किती वर्षं ठेवणार? एक गट म्हणतो, "त्याच्याशिवाय चेन्नई कसली?" दुसरा म्हणतो, "बस की आता, पोरांना जागा द्या."

मला विचाराल तर नुसतं वय बघून हा निर्णय होत नाही. तीन गोष्टी तपासाव्यात. पैसे कशाचे देतोय, काम कोणतं देतोय आणि त्याच्या हाताखाली कोण तयार होतंय?

अमेरिकेतल्या बेसबॉलचं एक उदाहरण बघा. आल्बर्ट पुहोल्स हा सेंट लुईस कार्डिनल्सचा लाडका फटकेबाज. २०११ च्या अखेरीस एंजल्स संघाने त्याच्याशी १० वर्षांचा, २४ कोटी डॉलरचा करार केला. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. पैसे मागच्या पराक्रमाचे आणि करार पुढच्या दहा वर्षांचा! शरीर थकत गेलं आणि मे २०२१ मध्ये, करार संपायच्या आतच, संघाने त्याला मोकळं केलं. २०२२ मध्ये कार्डिनल्सने त्याला परत आणलं, ते फक्त एका वर्षासाठी आणि २५ लाख डॉलरला. डावखुऱ्या पिचरसमोर फटके मारणं हे त्याचं मुख्य काम. ४२ वर्षांच्या पुहोल्सने त्या हंगामात २४ होम रन मारले आणि कारकिर्दीतले ७०० पूर्ण केले. माणूस तोच, करार मात्र शहाणपणाचा.

आता धोनीकडे येऊ. २०२५ साठी चेन्नईने त्याला ४ कोटींत ठेवलं. आधी त्याला १२ कोटी मिळत होते. पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीय खेळाडूला 'अनकॅप्ड' धरायचा नियम पुन्हा आला, म्हणून हे जमलं. कर्णधारपद तर २०२४ मध्येच आपल्या पुण्याच्या ऋतुराज गायकवाडकडे दिलं होतं. इथपर्यंत सगळं योग्यच.

पण कामाचं काय? गुडघ्यामुळे तो दहा षटकं पळून फलंदाजी करू शकत नाही, हे प्रशिक्षक स्टीफन फ्लेमिंग यांनीच सांगितलं. बेंगळुरूविरुद्ध तो नवव्या क्रमांकावर आला, तेव्हा सामना हातातून गेलाच होता. मग ऋतुराज जखमी झाला आणि कर्णधारपद पुन्हा ४३ वर्षांच्या धोनीकडेच! १४ पैकी ४ सामने जिंकून संघ पहिल्यांदाच तळाला गेला. याचा दोष एकट्या धोनीला देणं अन्यायाचं होईल. पण दुसरी फळी वेळेवर उभी केली नव्हती, हे दिसलं. मुंबईचा १७ वर्षांचा आयुष म्हात्रे ऋतुराजच्या जागी आला आणि बेंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४ धावा करून गेला. कर्णधार जखमी झाला नसता, तर त्याला दार उघडलं असतं का?

हाच प्रश्न आपल्या शाळांसमोरही आला होता. जुलै २०२३ मध्ये शासनाने जिल्हा परिषद शाळांतल्या रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार मानधनावर, वयाच्या ७० वर्षांपर्यंत घ्यायचं ठरवलं. डीएड करून भरतीची वाट बघणारी मुलं चिडली, आणि ते साहजिकच होतं. अनुभवी गुरुजी शाळेला हवेतच. पहिलीच्या मुलाला वाचतं करायची त्यांची हातोटी पुस्तकातून येत नाही. पण त्यांना नुसती रिकामी खुर्ची भरायला बोलावलं, तर भरती लांबते आणि ती हातोटीही एक दिवस त्यांच्याबरोबर निघून जाते. त्यांना नव्या शिक्षकाच्या जोडीला एक वर्ष द्या, मग बघा वर्गात काय फरक पडतो ते.

चेन्नईने २०२६ साठी धोनीला ठेवलंय आणि जडेजाला राजस्थानकडे देऊन संजू सॅमसन हा यष्टिरक्षकही आणलाय. पालकहो, घरात यावरून वाद झाला तर मुलांना वरचे तीन प्रश्न विचारून बघा. धोनीने किती षटकार मारले हे ती मोजतीलच. त्याच्या शेजारी उभं राहून कोण काय शिकलं, हेही मोजायला सांगा.