विद्यापीठ आणि त्याचा शेजार

जॉन फ्राय यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये फिलाडेल्फियातील टेम्पल विद्यापीठाचे अध्यक्षपद स्वीकारले. या एकाच शहरातले हे त्यांचे तिसरे विद्यापीठ. फ्राय हे विद्वान म्हणून नावारूपाला आलेले नाहीत; ते मूळचे व्यवस्थापन-सल्लागार. विद्यापीठ आणि भोवतालची वस्ती यांचे भवितव्य एकच आहे, या विचारावर त्यांची सारी कारकीर्द उभी आहे. विचार चांगलाच आहे. प्रश्न एवढाच की, त्या भवितव्यात वस्तीतल्या माणसाला जागा किती?

१९९५ साली ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्यकारी उपाध्यक्ष म्हणून आले, तेव्हा पश्चिम फिलाडेल्फियाची स्थिती बिकट होती. १९९६ मध्ये विद्यापीठातील एका संशोधकाचा आवारापासून थोड्याच अंतरावर खून झाला. अशा वेळी भिंती उंच करणे सोपे असते. अध्यक्षा जुडिथ रोडिन आणि फ्राय यांनी उलट मार्ग धरला. रस्त्यांची सफाई व गस्त यांसाठी १९९७ मध्ये स्वतंत्र संस्था निघाली. कर्मचाऱ्यांनी जवळपास घरे घ्यावीत म्हणून अर्थसाह्य मिळू लागले. खरेदीत स्थानिक व्यापाऱ्यांना स्थान मिळाले. २००१ मध्ये तेथे सरकारी शाळा सुरू झाली आणि विद्यापीठ तिला दर विद्यार्थ्यामागे वर्षाला सुमारे हजार डॉलर देऊ लागले.

शाळा उत्तम चालली, आणि खरी मेख येथेच आहे. प्रवेश त्या हद्दीत राहणाऱ्यांनाच असल्यामुळे हद्दीतील घरांच्या किमती भडकल्या. जानेवारी २०१३ मध्ये बालवर्गाच्या प्रवेशासाठी पालक कडाक्याच्या थंडीत काही दिवस आधीच रांगेत बसले. अखेर सोडत काढण्याची वेळ आली. ज्यांच्या मुलांसाठी शाळा काढली म्हणायचे, त्यांनाच तिच्या शेजारी राहणे परवडेना.

२०१० मध्ये फ्राय शेजारच्याच ड्रेक्सेल विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. वस्तीसाठी त्यांनी केंद्र उघडले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. तथापि २०१४ मध्ये ड्रेक्सेलने एका विकासकासह बंद पडलेल्या एका माध्यमिक शाळेची जागा घेतली, तिचा इतिहास विसरता येत नाही. तेथे पूर्वी ‘ब्लॅक बॉटम’ ही कृष्णवर्णीयांची वस्ती होती. १९६० च्या दशकात विद्यापीठांच्या विस्तारासाठी ती पाडली गेली आणि हजारो माणसे विस्थापित झाली. याच परिसरातील स्वस्त घरांच्या एका वसाहतीच्या मालकाने २०२१ मध्ये सरकारशी असलेला करार पुढे न चालवण्याचे जाहीर केले, तेव्हा सुमारे सत्तर कुटुंबांपुढे तोच प्रश्न उभा राहिला. मालक खाजगी होता, हे खरे. पण जमिनीला तेवढे मोल कोणामुळे आले?

या श्रीमंत संस्था शैक्षणिक म्हणून मालमत्ता करातून मुक्त आहेत, आणि शहरातील शाळांचा खर्च बराचसा त्याच करावर चालतो. २०२० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने शाळांना दहा वर्षांत दहा कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले. रक्कम मोठी आहे. पण ती देणगी आहे. किती द्यायचे आणि कधी थांबायचे, हे देणाराच ठरवणार.

उत्तर फिलाडेल्फियात टेम्पलने अमेरिकन फुटबॉलचे क्रीडांगण बांधण्याचा बेत केला होता. रहिवाशांच्या तीव्र विरोधापुढे तो मागे पडला. त्याच रहिवाशांशी आता फ्राय यांना बोलायचे आहे. किती जुनी घरे टिकतील आणि त्यांचे भाडे काय राहील, हे नव्या इमारतींचे आराखडे मंजूर होण्यापूर्वी त्यांना लेखी मिळाले पाहिजे.