ऑफिलियावर पहारा होता

हॅम्लेट खरोखर वेडा होता, की वेडाचं सोंग घेत होता? हा प्रश्न परीक्षेत विचारणं ताबडतोब बंद करावं, अशी माझी मागणी आहे. मी म्हैसूरला इंग्रजी साहित्य शिकवते. दरवर्षी मराठी, कन्नड, कोंकणी घरांतली मुलं याच प्रश्नाचं तेच उत्तर लिहून आणतात: हॅम्लेट विचारी आहे, हळवा आहे, त्याला निर्णय घेता येत नाही, म्हणून त्याची शोकांतिका झाली. गाइडात तेच, शिक्षकांच्या जुन्या वह्यांत तेच, आणि नट रंगमंचावर उभा राहतो तेव्हा त्याच्या पडलेल्या खांद्यांतही तेच. या उत्तरात नाटक कुठेच नाही. जर्मनीत गटेने आणि इंग्लंडमध्ये कोलरिजने आपापल्या काळाच्या मनासारखा एक कोमल राजपुत्र घडवला. आपण तो दोनशे वर्षं पाठ करत बसलो आणि संहिता उघडायचे कष्ट टाळले.

संहितेतला माणूस काय करतो ते पाहा. पडद्यामागे आवाज येताच, मागे कोण आहे हे न बघता तो तलवार खुपसतो आणि राजाचा सल्लागार पोलोनियस मरतो. इंग्लंडच्या वाटेवर तो खलिता बदलतो आणि आपल्या दोन बाळमित्रांना, रोझेनक्रँट्झ आणि गिल्डेनस्टर्नला, मरणाच्या दारात पाठवतो. परत आल्यावर मित्र होरेशियोला स्वच्छ सांगतो, की त्यांच्याबद्दल मनाला टोचणी नाही. चाच्यांच्या जहाजावर सगळ्यांत आधी उडी घेणारा तोच. याला निर्णय घेता येत नाही?

त्याला थांबवतो तो पुराव्याचा प्रश्न. काका क्लॉडियसने, म्हणजे आताच्या राजाने, खून केला अशी बापाच्या भुताची साक्ष त्याच्याकडे आहे आणि तो विटेनबर्गमध्ये शिकलेला आहे. हे भूत सैतानाचं सोंगही असू शकतं, एवढं त्याला कळतं. म्हणून तो नाटक करवतो, राजाचा चेहरा वाचतो आणि खात्री करून घेतो. खात्री झाल्यावर क्लॉडियस एकटा, पाठमोरा, प्रार्थनेला गुडघे टेकलेला सापडतो. हॅम्लेट तलवार उपसतो आणि म्यान करतो. दयेने नाही, संकोचानेही नाही. प्रार्थनेत मेला तर तो स्वर्गात जाईल, म्हणून. त्याला नुसता देह नको, आत्मा नरकात गेलेला हवा. नाटकातला सगळ्यांत भयंकर क्षण हा आहे. सूड माणसाच्या आत शिरून त्याला किती खोल नासवतो ते इथे दिसतं. आणि वर्गात हाच प्रवेश 'दिरंगाई'चा पुरावा म्हणून शिकवला जातो! अठराव्या शतकात सॅम्युएल जॉन्सनला हे बोल वाचवत नव्हते, उच्चारवत नव्हते. निदान त्याने ते वाचले तरी होते.

आता वेडाकडे येऊ. हॅम्लेटचं वेड खरं की खोटं हे ठरवायला शेक्सपिअरने आपल्याला नेमलेलं नाही. ते ठरवायचा अधिकार एल्सिनोरच्या दरबारात कोणाकडे आहे आणि तो अधिकार कसा वापरला जातो, हे त्याने दाखवलं आहे. पोलोनियस निदान करतो: प्रेमभंग. आई गर्ट्रूडचं निदान: बापाचं मरण आणि आमचं घाईचं लग्न. तिच्या महालात तिला भूत दिसत नाही, म्हणून ते मुलाच्या डोक्यातलं भूत ठरतं. आणि क्लॉडियस? तो आडून हॅम्लेटचं बोलणं ऐकतो आणि स्पष्ट म्हणतो, की हे वेडाचं बोलणं वाटत नाही. त्याच भाषणात तो हॅम्लेटला इंग्लंडला धाडायचं ठरवतो. त्याच प्रवेशाच्या शेवटी तोच माणूस जाहीर करतो, की थोरामोठ्यांच्या वेडावर नजर ठेवलीच पाहिजे. मनात एक, तोंडात दुसरं, मध्ये मोजक्या ओळी. राजपुत्र शहाणा आहे आणि म्हणूनच धोकादायक आहे, हे ओळखून राजा त्याला वेडा म्हणतो. वेड्याला देशाबाहेर काढताना कोणाला कारण द्यावं लागत नाही.

हॅम्लेटही धुतल्या तांदळासारखा नाही. शेवटच्या अंकात तो पोलोनियसच्या मुलाची, लेआर्टिसची, माफी मागतो ती काय सांगून? तुझ्या बापाला मी मारलं नाही, माझ्या वेडाने मारलं. जे वेड आपण पांघरणार असं त्याने पहिल्याच अंकात मित्रांना सांगितलं होतं, त्याच वेडाच्या माथी तो खून मारतो. याही जागी जॉन्सनला वाटलं होतं, की हॅम्लेटने दुसरा काही बचाव केला असता तर बरं. आपले टीकाकार मात्र या माफीवर अश्रू ढाळतात. ज्याच्या हाती सत्ता तो दुसऱ्याला वेडा ठरवतो आणि ज्याच्या हाती तलवार तो स्वतःला वेडा ठरवून सुटतो, ही या नाटकाची रचना आहे. ती वगळून 'हॅम्लेटचं मानसशास्त्र' लिहिणाऱ्याने नाटक वाचलेलं नाही, असंच मी म्हणेन.

मराठी माणसाला तर हे शिकवायची गरज पडू नये. 1882 साली कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते, दत्तक आलेले, विशीच्या आतले. महाराजांना वेड लागल्याचं सरकारदरबारी सांगितलं जात होतं. कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर 'केसरी' आणि 'मराठा' यांनी आरोप केले, की महाराजांचा छळ होतो आहे. त्यासाठी छापलेली पत्रं कोर्टात बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरीही जुलैमध्ये आगरकरांना आणि टिळकांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले 101 दिवस दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. त्या तुरुंगात आगरकर कोणतं नाटक मराठीत आणत होते? 'हॅम्लेट'. त्यांचं 'विकारविलसित' 1883 साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षाच्या 25 डिसेंबरला, अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलेले ते तरुण छत्रपती एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावले.

हा निव्वळ योगायोग आहे असं मला कोणी सांगू नये. राजा वेडा आहे की त्याला वेडा ठरवलं जातं आहे, हे विचारल्याबद्दल जो माणूस कोठडीत बसला होता, त्याला एल्सिनोर परकं वाटलं असेल कसं? त्याला पत्रं बनावट मिळाली, हीदेखील हॅम्लेटच्याच पुराव्याची अडचण. पुढे गणपतराव जोशांनी शाहूनगरवासी मंडळीत चंद्रसेन, म्हणजे 'विकारविलसित'मधला हॅम्लेट, उभा केला आणि महाराष्ट्र वेडा झाला. पण आठवणी कशाच्या राहिल्या? आवाजाच्या, डोळ्यांच्या, भूत दिसतानाच्या थरकापाच्या. कोल्हापूर गळून पडलं. नटाची करामत उरली आणि ती आपण पिढ्यान् पिढ्या एकमेकांना सांगत आलो.

म्हैसूरने या बाबतीत आपल्यापेक्षा मोठं काम केलं आहे, हे मराठी वाचकांनी ऐकून घ्यावं. इथल्या महाराजा कॉलेजात कन्नड शिकवणाऱ्या तरुण कुवेंपूंनी 1932 साली 'रक्ताक्षी' लिहिलं. 'हॅम्लेट' त्यांनी मलनाडातल्या बिदनूरला नेलं, केळदीच्या नायकांच्या दरबारात. ते त्यांच्याच मुलुखाजवळचं राज्य. आणि नाटकाचं नाव त्यांनी राजपुत्रावरून ठेवलं नाही. पोलोनियसची मुलगी, हॅम्लेटची प्रेयसी ऑफिलिया, हिच्या जागी त्यांच्याकडे रुद्रांबे आहे. तिच्यावर जे कोसळतं त्याखाली ती गप्प बुडून जात नाही. तिच्या डोळ्यांत रक्त उतरतं, सूड तिचा होतो आणि नाटक तिच्या नावाने ओळखलं जातं. अठ्ठाविशीच्या आतबाहेरच्या कन्नड कवीला शेक्सपिअरमध्ये जे दिसलं ते आमच्या विद्वानांना अजून दिसायचं आहे: या नाटकात खरोखर वेडी झालेली व्यक्ती एकच आहे, आणि तिच्याबद्दल कोणी प्रश्नच विचारत नाही.

ऑफिलियाचा वेडाचा प्रवेश आपल्याकडे कसा होतो? केस मोकळे, पांढरं वस्त्र, निळा प्रकाश, एक बासरी. प्रेक्षक हळहळतात आणि चहाला जातात. हा अपमान आहे. त्या प्रवेशाच्या सुरुवातीलाच दरबारात धोक्याची सूचना दिली जाते, की ही मुलगी जे बरळते त्यातून लोक भलते अर्थ काढू लागलेत, हिला भेटलेलं बरं. म्हणजे तिचं वेड राजकीय आहे. तिच्या बापाचा खून झाला आहे, त्याला गुपचूप, घाईघाईने पुरलं आहे, आणि बाहेर कुजबुज वाढते आहे. फुलं वाटते ती राजाराणीच्या देखत. गाते ती पुरुषाने फसवून टाकलेल्या मुलीची गाणी, तीही ज्या बाईने घाईने लग्न केलं तिच्या तोंडावर. शुद्धीत असताना बाप, भाऊ आणि प्रियकर या तिघांनी तिला काय बोलावं, कुठे जावं ते सांगितलं. वेड लागल्यावरच ती पहिल्यांदा स्वतःहून बोलते. निळा प्रकाश सोडून ज्या दिग्दर्शकाला इथे दुसरं काही सुचत नाही, त्याने हे नाटक हातात घेऊ नये.

पुढे तर याहून वाईट आहे. ती बाहेर जाताच राजा हुकूम सोडतो: तिच्या मागे जा, तिच्यावर नीट पहारा ठेवा. थोड्याच वेळात राणी येऊन सांगते, की ती बुडाली. कशी बुडाली तेही सविस्तर सांगते: फांदी मोडली, कपडे फुगून तिला काही काळ पाण्यावर तरंगत ठेवत होते, ती गात होती, मग ओल्या वस्त्रांच्या भाराने खाली गेली. इतकं सगळं कोणी पाहिलं? पाहणारा काठावर उभा होता तर पाण्यात का उतरला नाही? पहारा होता तो कुठे गेला? पाश्चात्त्य चित्रकारांनी हे मरण सुंदर करून टाकलं. जॉन मिले याचं 1852 सालचं चित्र लंडनमध्ये पाहायला लोक रांगा लावतात. आम्ही इथे त्याच चित्राची नक्कल करतो. धर्मगुरू तिचे पूर्ण संस्कार करायला नकार देतो, तेव्हा लेआर्टिस आणि हॅम्लेट तिच्या थडग्यात उतरून कोणाचं प्रेम मोठं यावर झुंजतात. तिच्या मरणाचा जाब विचारायला दोघांपैकी एकालाही वेळ नाही. सूड असाच असतो. ज्याच्या नावाने घेतला जातो ते माणूस त्यात कुठे उरत नाही.

सुडाचा हिशोब शेक्सपिअरने अखेर पूर्ण मांडला आहे, पण आपण तो कापून टाकतो. वेळ वाचवायला सगळ्यांत आधी नॉर्वेचा राजपुत्र फॉर्टिनब्रास जातो. बाप मारला गेलेले मुलगे या नाटकात तीन आहेत: हॅम्लेट, लेआर्टिस, फॉर्टिनब्रास. पहिले दोघे विषारी पात्याने एकमेकांना संपवतात. तिसरा परका, सैन्य घेऊन येतो आणि मरता मरता हॅम्लेट त्याच्याच बाजूने कौल देतो. गादी, देश, सगळं बाहेरच्याच्या हाती जातं. बिदनूरमध्येही तेच झालं. राणी वीरम्माजीच्या दरबारातल्या कारस्थानांनंतर, मेला असं समजला गेलेला वारस आपणच, असं म्हणणारा एक तरुण हैदर अलीकडे पोचला, असं इतिहासकार सांगतात. 1763 साली हैदरने बिदनूर घेतलं, राणी कैदेत गेली आणि केळदीचं राज्य म्हैसूरच्या पोटात गेलं. ज्या शहरात बसून मी हे लिहिते आहे, ते या गोष्टीतल्या फॉर्टिनब्रासचं शहर आहे. कुवेंपूंनी बिदनूर निवडलं ते उगाच नव्हे. ज्या प्रयोगात फॉर्टिनब्रास नाही, त्यात एका घरातलं भांडण उरतं आणि राज्य हरवतं.

2018 साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी नाना जोगांच्या भाषांतरावरून 'हॅम्लेट' मराठी व्यावसायिक रंगभूमीवर आणलं, सुमीत राघवन हॅम्लेट झाले. तेव्हा मराठी प्रेक्षक हे नाटक तिकीट काढून पाहतो, हे सिद्ध झालं. म्हणून आता 'लोकांना झेपत नाही' ही सबब कोणी सांगू नये. मराठी रंगभूमीने आता 'रक्ताक्षी' करावं. म्हैसुरात 1989 पासून ब. व. कारंतांनी उभी केलेली रंगायण ही नाट्यसंस्था आहे, कुवेंपू जाणणारी माणसं आहेत, दोन्ही भाषा घरात बोलणारी मराठी कुटुंबं आहेत. भाषांतराला मदत मागा, मिळेल. 'विकारविलसित' कपाटातून काढा आणि कोल्हापूरच्या खटल्याच्या शेजारी ठेवून शिकवा. आणि परीक्षेत प्रश्न विचारायचाच असेल तर हा विचारा: राजाने ऑफिलियावर पहारा बसवला होता, मग ती बुडाली कशी? वीस गुण.