सामन्यापूर्वीची मसलत

कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार ही दोन तालीम मंडळे समोरासमोर येणार असली, म्हणजे आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत पारंपरिक प्रतिस्पर्धी, काट्याची लढत, समर्थकांची उत्कंठा आणि पोलिसांचा बंदोबस्त या चार गोष्टींचा उल्लेख हटकून येतो. परंतु चेंडू आपल्या ताब्यात ठेवण्याचा हव्यास कोणता संघ धरील, चढाई कोणत्या बगलेने येईल, मध्यफळीतील कोणावर पहारा बसेल आणि पहिला गोल चढल्यावर मागे पडलेल्या संघाने काय करावे, यांविषयी एक ओळही सहसा आढळत नाही. मराठवाड्यातील अंबड तालुक्यात, साखर कारखान्याभोवती वसलेल्या अंकुशनगरात बसून ही तक्रार करण्याचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील, तर उत्तर एवढेच, की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणाऱ्यास स्वतःचे डोळे तरी असतात, आमच्यासारख्या दूरस्थाची भिस्त मात्र सर्वस्वी छापलेल्या मजकुरावर असते. आमचा गळीत हंगाम आणि कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम बव्हंशी एकाच काळात चालतात. थंडीच्या त्या दिवसांत त्या खेळाची वार्ता आम्ही मोठ्या आस्थेने वाचतो आणि वाचून झाल्यावर खेळ कसा झाला असेल याची कल्पना करण्यापुरतेही साहित्य आमच्या हाती उरत नाही.

मराठी वाचकाला डावपेचांत रस नाही, हे विधान इतरत्र खपले तरी कोल्हापुरात खपणार नाही. 1912 साली पूर्ण झालेल्या खासबागेच्या मैदानात कुस्ती पाहावयास जमलेला सामान्य शेतकरीसुद्धा सलामी होण्यापूर्वीच शेजाऱ्यास सांगू लागतो, की अमका वजनाला भारी आहे तेव्हा तमक्याने त्याला पहिली दहा मिनिटे आखाडाभर फिरवून दमवावे, आणि ढाकेत पटाईत असणाऱ्याच्या अंगाशी जाण्यापूर्वी शंभरदा विचार करावा. डाव आणि प्रतिडाव यांचा असा हिशेब मांडीत बसणारा प्रेक्षक फुटबॉलच्या मैदानावर आला, की तो हिशेब घरी ठेवून केवळ घोषणा का देतो? पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, जुना बुधवार ही सारी नावे मुळात तालमींची आहेत. ज्या पेठांनी मल्ल घडविले त्याच पेठांनी पुढे फुटबॉलपटू घडविले. तेव्हा बुद्धीची ती जुनी सवय एका मैदानातून दुसऱ्या मैदानात नेण्याचे काम कोणाचे होते, याचा विचार केला असता बोट आम्हां लिहिणाऱ्यांकडेच वळते.

या खेळात डोके किती चालते, याचा पुरावा हवा असेल तर ज्या देशाने फुटबॉलला पासिंग शिकविले त्या स्कॉटलंडकडे जावे. 30 नोव्हेंबर 1872 रोजी ग्लासगो शहरी, हॅमिल्टन क्रेसेंट या एका क्रिकेट क्लबच्या मैदानावर, इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. इंग्रज खेळाडू अंगाने थोराड होते. सरासरीने ते दर गड्यामागे दोन स्टोन, म्हणजे बारा-तेरा किलोंनी भारी असल्याची नोंद आहे. आणि त्यांची रीत अशी, की एकाने चेंडू पायाशी घेऊन धावत सुटावे, इतरांनी त्याच्या मागोमाग झुंडीने जावे आणि त्याच्याकडून चेंडू सुटला की दुसऱ्याने तो उचलावा. आठ जण त्यांनी आघाडीवर लावले होते. क्वीन्स पार्क या एकाच क्लबातून उभा राहिलेला स्कॉटलंडचा संघ अंगाने हलका असल्यामुळे धक्काबुक्कीत टिकणारा नव्हता. म्हणून त्यांनी सहा जण पुढे आणि चौघे मागे ठेवून, भारी गडी अंगावर येण्यापूर्वीच चेंडू सोबत्याकडे सरकविण्याचा मार्ग धरला. पावसाने जड झालेल्या त्या मैदानावर सुमारे चार हजार प्रेक्षकांसमोर सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला. गोलफलकावर पाहाल तर काहीच घडले नाही; परंतु या सामन्यासह 1887 पर्यंत या दोन देशांत झालेल्या सोळा सामन्यांपैकी इंग्लंडला दोनच जिंकता आले, आणि आज ज्याला आपण फुटबॉल म्हणतो तो एकाने दुसऱ्याला चेंडू देण्याचा खेळ त्या दुबळ्यांच्या मसलतीतून वाढीस लागला. दुर्बळाने सबळासमोर कसे उभे राहावे, हा प्रश्न ज्या मुलखात गनिमी काव्याने सोडविला गेला, त्या मुलखातील वाचकाला या सामन्याचे मर्म समजावून सांगावे लागू नये.

हिंदुस्थानातही हा खेळ रुजविण्यात स्कॉटिश पलटणींचा वाटा मोठा आहे. 1888 साली सिमल्यास ड्युरँड चषकाची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा अंतिम सामन्यात रॉयल स्कॉट्स फ्युसिलिअर्सनी हायलंड लाइट इन्फन्ट्रीस हरविले. दोन्ही संघ स्कॉटलंडचेच. त्याच वर्षी 28 मे रोजी ग्लासगोत सेल्टिक आणि रेंजर्स या तेथील दोन क्लबांची पहिली गाठ पडून सेल्टिकने पाच विरुद्ध दोन असा विजय मिळविला होता, आणि तेव्हापासून चालत आलेली ही स्पर्धा आज अंकुशनगरातील एखादा मुलगाही हातातील मोबाईलवर पाहू शकतो.

त्या मुलाला या सामन्याकडे कसे पाहावे हे सांगावयाचे असेल, तर आरंभ लीगच्या रचनेपासून करावा लागेल. स्कॉटिश प्रीमियरशिपमध्ये बारा संघ. प्रत्येकाने इतर प्रत्येकाशी तीनदा खेळावयाचे, म्हणजे तेहतीस सामने. मग तक्त्याचे वरचे सहा आणि खालचे सहा असे दोन तुकडे पाडून आपल्या तुकड्यात आणखी पाच, मिळून अडतीस. याचा अर्थ असा, की वरच्या सहांत असणारे हे दोन संघ एकाच हंगामात चारदा एकमेकांसमोर येतात. पहिल्या भेटीत जे झाकून ठेवता येते ते चौथ्या भेटीपर्यंत उघडे पडलेले असते. तेव्हा अशा सामन्याचे पूर्वावलोकन करणाऱ्याने या वेळी कोणती गोष्ट बदलली जाईल हा प्रश्न विचारावा, इतिहासाची उजळणी पुरे. पोस्टेकोग्लू हे 2021 ते 2023 या काळात सेल्टिकचे प्रशिक्षक असताना त्यांचे फुल बॅक, म्हणजे बचावफळीच्या दोन टोकांचे गडी, कडेने न धावता आत, मध्यफळीत सरकत असत. तेणेकरून मध्यभागी सेल्टिकचे संख्याबळ वाढे, पण चेंडू हरपला असता त्यांनी मोकळी सोडलेली बगल हेच प्रतिपक्षाचे प्रवेशद्वार होई. एवढे एक वाक्य ज्याने सामन्यापूर्वी वाचले, त्याचे डोळे नव्वद मिनिटे केवळ चेंडूमागे धावणार नाहीत. चेंडू डावीकडे असताना उजवीकडे काय चालले आहे हेही ते पाहतील.

याच क्लबाने 25 मे 1967 रोजी लिस्बनला युरोपच्या चषकाच्या अंतिम सामन्यात जे केले, ते तर प्रत्येक तालमीच्या प्रशिक्षकाने मुलांना जमिनीवर खडूने काढून दाखवावे. समोर इंटर मिलानचा संघ. त्यांचे गुरू एलेनियो एरेरा यांनी बचावाचा असा कोट उभारला होता, की एकदा गोल चढविला की त्या कोटाचे दरवाजे बंद व्हावयाचे, आणि सातव्याच मिनिटास पेनल्टीवर तो गोल चढलाही. सेल्टिकचे व्यवस्थापक जॉक स्टीन यांनी आपल्या बगलेच्या गड्यांना आत जाण्यास सांगितले होते. त्यांपैकी जॉन्स्टन आत गेला, त्याच्यावरील पहारेकरी त्याच्या मागे ओढला गेला, आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेत मागून फुल बॅक येऊ लागले. त्रेसष्टाव्या मिनिटास उजव्या बाजूने वर आलेल्या क्रेगने चेंडू आडवा सोडला आणि डावीकडून धावत आलेल्या गेमेलने पेनल्टी क्षेत्राच्या सीमेवरून तो जाळीत धाडला. म्हणजे गोल देणारा फुल बॅक आणि करणाराही फुल बॅक. चौऱ्याऐंशीव्या मिनिटास मर्डॉकच्या फटक्यास चामर्सने वाट देऊन दुसरा गोल केला आणि युरोपचा चषक प्रथमच ब्रिटनला गेला. त्या दिवशी खेळलेले अकराही जण सेल्टिकच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले होते. ज्या शहरात पेठेतील पोरांनी पेठेचा संघ उभा करावयाचा असा रिवाज आहे, तेथे या गोष्टीचे मोल अधिक कळावे.

कोल्हापुरातही लीगनंतर एकामागून एक चषक-स्पर्धा येतात आणि तेच संघ एका हंगामात पुनःपुन्हा भेटतात. मार्च-एप्रिलच्या दुपारी जमीन तापून कठीण झालेली असते, चेंडू उंच उडतो, उत्तरार्धात धाप लागते. अशा वेळी लांब फटका मारून त्यामागे धावणारा संघ सत्तर मिनिटांत थकतो आणि जमिनीलगत छोटे पास देणारा संघ शेवटची वीस मिनिटे आपलीशी करू शकतो, हा हिशेब कोणाही जाणत्याला मांडता येईल. परगावचा, क्वचित परदेशीही, उंचापुरा खेळाडू आघाडीस आणलेला असेल तर कॉर्नरच्या वेळी त्याच्यापुढे कोण उभा राहणार, आणि त्याला चेंडू पुरविणारा मध्यफळीतला गडीच अडविला तर काय होईल, हेही लिहिता येईल. ज्या शहराने 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळणारा अनिकेत जाधव दिला, त्या शहराची वाचक म्हणून पात्रता कमी लेखण्याचे कारण नाही.

यावर असे म्हणणारे भेटतात, की ईर्ष्या हाच या खेळाचा प्राण आहे, डावपेच लिहून ती थंड होईल. मला हे मान्य नाही. ईर्ष्या पेठेत पिढ्यान् पिढ्या आहेच, तिला वर्तमानपत्राच्या फुंकरीची गरज नाही. आणि फुंकर घातल्यावर काय होते ते ग्लासगोने 10 मे 1980 रोजी पाहिले, जेव्हा सेल्टिक-रेंजर्स यांच्यातील स्कॉटिश चषकाचा अंतिम सामना संपताच दोन्हींकडील जमाव हॅम्पडनच्या मैदानात उतरून भिडले, आणि परिणामी स्कॉटलंडच्या क्रीडागारांत मद्य नेण्यास कायद्याने बंदी आली. समर्थकांच्या हाणामारीचा अनुभव कोल्हापूरलाही नवा नाही. उलट प्रतिपक्षाचा गडी काय करू पाहतो आहे हे ज्याला कळते, तो त्याचा द्वेष करतानाही त्याचे कौशल्य ओळखतो. कुस्तीच्या फडात विरुद्ध तालमीच्या मल्लालाही चांगल्या डावाबद्दल फेट्याचा मान मिळतो, तो याच ओळखीमुळे. दुसरा आक्षेप गुपित फुटण्याचा. परंतु जे संघ एका शहरात राहतात, एकाच मैदानावर एकमेकांचे सामने पाहतात, त्यांच्यापासून लपलेले असे काही नसते. अंधारात असतो तो वाचकच.

म्हणून क्रीडापानाच्या संपादकांस विनंती आहे, की पुढील मोठ्या सामन्यापूर्वी बंदोबस्ताची बातमी चार ओळींत आटोपून, उरलेल्या जागेत दोन्ही संघांचे अकरा-अकरा संभाव्य खेळाडू त्यांच्या जागांसह छापावेत, मागील भेटीत गोल कोणत्या बाजूने आणि कशामुळे झाला ते सांगावे, आणि एखाद्या जुन्या जाणत्या खेळाडूकडून या वेळी कोणी काय बदलावे याची चार परिच्छेदांची मसलत लिहवून घ्यावी. अंदाज चुकला तरी हरकत नाही. मराठवाड्यातील शाळांच्या क्रीडाशिक्षकांनीही तो मजकूर कापून फलकावर लावावा. ज्या मुलांनी आजवर या खेळात केवळ धावणे पाहिले आहे, त्यांना धावावे कोठे हे त्यावरून कळेल.