टॉवेल आमचा, मानक कुणाचे?

सोलापुरी चादर पानिपतला विणायची आणि सोलापूरच्या नावावर विकायची, ही तक्रार या शहरात जुनी आहे. चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाल्यावरही ती मिटलेली नाही. कारखानदार चिडून बोलतो तेव्हा त्याचे म्हणणे सरळ असते: नाव आमच्या वाडवडिलांनी कमावले, ते फुकटात वापरायचा दुसऱ्याला काय अधिकार? या म्हणण्याला उत्तर नाही. पण कपड्याच्या धंद्यातल्या कुठल्याही ऑफिसात कपाट उघडून पाहावे. रंगाचा पक्केपणा कसा तपासावा हे सांगणारे आंतरराष्ट्रीय मानक तिथे झेरॉक्स होऊन पडलेले असण्याची शक्यता दांडगी आहे. पीडीएफ कुणीतरी ग्रुपवर टाकलेली असते. पानाच्या कडेला भलत्याच कंपनीचे नाव असते आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेले असते, की ही प्रत एकाच वापरकर्त्यासाठी आहे, तिच्या नकला करू नयेत.

कुणाला खजील करण्यासाठी हे लिहिलेले नाही. चादरीचे नाव आणि मानकाचा मजकूर या दोन गोष्टी एकसारख्या नाहीत, आणि मानकेही सगळी एका जातीची नसतात. त्यामुळे ‘चोरी ती चोरीच’ म्हणून हात झटकणे जितके सोपे, तितकेच ‘ज्ञान सगळ्यांचे’ म्हणून टाळ्या घेणेही सोपे. अडचण या दोन्हींच्या मध्ये आहे.

आधी कारखानदाराची बाजू पाहू. अक्कलकोट रस्त्यावरच्या किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीतून टॉवेलचा कंटेनर निघण्याआधी बायरचा कागद येतो. जीएसएम किती, पाणी किती लवकर शोषले पाहिजे, धुतल्यावर किती आटले चालेल, रंग किती पक्का हवा, हे सगळे त्यात असते. धुण्यातल्या पक्केपणासाठी आयएसओ 105-सी06, घासण्यासाठी 105-एक्स12. बायर अमेरिकेचा असला तर एएटीसीसीच्या पद्धती. यातला प्रत्येक क्रमांक म्हणजे विकत घ्यायचा वेगळा दस्तऐवज, आणि आयएसओच्या किमती स्विस फ्रँकमध्ये. बरे, एक घेऊन भागत नाही. रंग किती उतरला हे ज्या करड्या पट्टीवर जोखायचे ती पट्टी वेगळ्या भागात, चाचणीच्या वेळी नमुन्याला जोडायचे पांढरे कापड आणखी वेगळ्या भागात. शिवाय दर काही वर्षांनी आवृत्ती बदलते. मोठ्या गिरणीच्या हिशेबात ही रक्कम दिसतही नाही. बारा-सोळा मागांवर घर आणि धंदा दोन्ही चालवणाऱ्या माणसाला ती दिसते. त्याने मागितलेले नसलेले नियम त्याच्यावर लादायचे आणि ते वाचायचे पैसेही त्याच्याकडूनच घ्यायचे, हे त्याला टोचते. टोचण्यासारखेच आहे.

भारतीय मानकांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती वेगळी झाली याचे बरेचसे श्रेय एका चिवट माणसाला द्यावे लागते. कार्ल मालामुद या अमेरिकी गृहस्थाने भारतीय मानक ब्युरोचा सगळा संच रीतसर विकत घेतला आणि अठरा हजारांहून अधिक मानके इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली. ब्युरो खवळला. 2015 मध्ये प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मालामुद यांचा मुद्दा असा, की जे पाळले नाही तर शिक्षा होते ते कायद्याचाच भाग आहे, आणि कायदा वाचायला नागरिकाने पैसे का मोजावेत? त्या काळी ब्युरोच्याच राष्ट्रीय इमारत संहितेची किंमत चौदा हजार रुपयांच्या घरात होती. पुढे ब्युरोने स्वतः तयार केलेली मानके आपल्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घ्यायला खुली केली.

आम्हाला हा निर्णय पूर्णपणे योग्य वाटतो. त्याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. 18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. इमारतीतून बाहेर पडण्याचे मार्ग किती आणि किती रुंद असावेत, हे सांगणारा भाग राष्ट्रीय इमारत संहितेत आहे, आणि राज्याची 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली अग्निसुरक्षेसाठी त्या संहितेचा आधार घेते. अशी पाने कारखान्यात राहणाऱ्या-राबणाऱ्या कुणालाही, मालकाला आणि कामगारालाही, खिशात हात न घालता वाचता आली पाहिजेत. यात वाद घालण्यासारखे काही उरत नाही.

तरीही मोफत म्हणजे मोकाट नव्हे. भारतीय मानक ब्युरो अधिनियम, 2016 नुसार मानकांचा कॉपीराइट ब्युरोकडेच आहे. ब्युरोच्या परवानगीवाचून मानक किंवा त्याचा भाग छापता, प्रसिद्ध करता येत नाही. स्वतःच्या वापरापुरती प्रत करायला मात्र कायद्याची हरकत नाही. म्हणजे काँक्रीटचे मानक आयएस 456 उतरवून घ्या, वाचा, कॉलेजात वापरा. त्यातली कोष्टके जशीच्या तशी उचलून गाइड छापले आणि विकले, की गाठ कायद्याशी. परीक्षेच्या हंगामात अशी गाइडे कुठल्याही अभियांत्रिकी कॉलेजाच्या आसपास सापडतात. शिवाय मजकूर मोफत झाला म्हणून आयएसआयचा शिक्का मोफत झालेला नाही, त्याला परवाना लागतो. ओइको-टेक्स किंवा जीओटीएस या कापडाच्या प्रमाणपत्रांचेही तेच आहे: निकष कुणीही वाचावेत, चिन्ह मात्र प्रमाणपत्राशिवाय टॅगवर लावता येत नाही.

(जाता जाता: भारतीय मानकांच्या यादीतला पहिला क्रमांक, आयएस 1, राष्ट्रध्वजाचा आहे. ज्या शहराच्या नगरपालिकेने 1930 मध्येच तिरंगा फडकवला आणि ज्याच्या चार हुतात्म्यांना 1931 च्या जानेवारीत फाशी झाली, तिथल्या विणकराने निदान हे एक मानक तरी उघडून पाहावे. कापड, रंग, शिलाई, सगळे मोजूनमापून दिलेले आहे.)

भारतीय मानके मोफत झाल्यावर त्यांच्या जुन्या झेरॉक्स प्रती वापरायला कारण उरत नाही, आणि इथे प्रश्न कॉपीराइटच्या पुढे जातो. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी हादरली तेव्हा भूकंपविषयक मानकाच्या नकाशात ती जागा सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती. 2002 च्या सुधारणेत पहिला विभागच रद्द झाला आणि तो परिसर तिसऱ्या विभागात आला. किल्लारी सोलापूरहून फार लांब नाही. कुणा इंजिनिअरच्या टेबलावर पिवळी पडलेली जुनी प्रत अजून असेल तर तिच्यातला नकाशा जुनाच राहणार, कारण झेरॉक्सला दुरुस्तीपत्रक येत नाही. अधिकृत ठिकाणाहून घेतलेल्या प्रतीसोबत निदान शोधण्याची सोय येते: हे मानक चालू आहे का, मागे घेतले का, दुरुस्ती कितवी. ग्रुपवरच्या पीडीएफचे कूळ-मूळ कुणालाच माहीत नसते.

आता आयएसओ आणि एएटीसीसी, एएसटीएम या अमेरिकी संस्था यांच्याकडे वळू. इथे आमचे मत इतके ठाम नाही, आणि ते तसे नसावे असेच वाटते. या संस्था सरकारी नाहीत. भारतीय मानक ब्युरोचे उत्पन्न मुख्यतः प्रमाणनाच्या शुल्कातून येते, म्हणून त्याला पुस्तके फुकट वाटणे परवडले. मानके विकूनच ज्यांचा बराचसा खर्च निघतो त्यांनी काय करायचे? समित्या चालवणे, मसुदे फिरवणे, हरकती ऐकणे आणि दर काही वर्षांनी सगळे पुन्हा तपासणे याला पैसा लागतो. उद्या विक्री थांबली तर हा खर्च कोण उचलेल? बहुधा त्या धंद्यातल्या सर्वांत बड्या कंपन्या, आणि मग मानकात कुणाच्या सोयीचे लिहिले जाईल हे सांगायला नको. सोलापूरच्या छोट्या कारखानदाराला ते आजच्या किमतीपेक्षा महाग पडेल.

याला उलट उत्तर आहे, तेही वजनदार. या समित्यांवरचे तज्ज्ञ आपला वेळ बहुतेक विनामोबदला देतात. त्यांचा पगार गिरण्या, प्रयोगशाळा, विद्यापीठे भरतात. लिहिणाऱ्याला काही मिळत नाही आणि वाचणाऱ्याला पैसे पडतात, तर मधला हिशेब उघड असायला हवा. शिवाय खासगी मानक कायद्यात ओढले गेले की त्याचे खासगीपण तेवढे टिकत नाही. युरोपीय न्यायालयाने 5 मार्च 2024 ला खेळण्यांच्या सुरक्षेसंबंधीच्या मानकांबाबत म्हटले, की जी युरोपीय कायद्याचा भाग बनली ती लोकांना पाहायला मिळण्यात वरचढ असे सार्वजनिक हित आहे. अमेरिकेत 2023 मध्ये कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने कायद्यात समाविष्ट झालेली मानके ना-नफा तत्त्वावर प्रसिद्ध करणे रास्त वापरात बसते असे ठरवले. दोन्ही खटल्यांत मालामुद यांची संस्था होती. मात्र या निकालांची व्याप्ती नीट वाचली पाहिजे. ते कायद्याने बंधनकारक झालेल्या मानकांबद्दल आहेत. एखाद्या युरोपी बायरने करारात 105-सी06 लिहिले म्हणून ते भारताचा कायदा होत नाही. तो व्यवहार आहे, आणि व्यवहारातली वस्तू विकतच घ्यावी लागते.

आमच्या मते रेघ इथे ओढावी. सरकारने सक्ती केली असेल तर वाचन फुकट असलेच पाहिजे. उद्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने एखादे मानक बंधनकारक केले आणि ते आयएसओच्या मजकुरावर बेतलेले असले, तर आयएसओशी बोलणे आणि त्याचा मोबदला देणे ही ब्युरोची आणि मंत्रालयाची जबाबदारी, मागवाल्याची नव्हे. सक्ती बायरची असेल तर मात्र कॉपीराइटचा मान राखावा, मग किंमत कितीही बोचो.

आणि त्या मानाची मर्यादाही नीट ओळखावी, कारण पुष्कळ जण नको तिथे घाबरतात. कॉपीराइट मजकुरावर असतो, पद्धतीवर नाही. कल्पनेवर मालकी नसते, तिच्या मांडणीवर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात 1978 मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणून कायदेशीर प्रत वाचून डाईंग मास्तराने आपल्या शब्दांत, मराठीत किंवा तेलुगूत, पाण्याचे तापमान इतके, वेळ इतका, साबण इतका, असा तक्ता लिहून भिंतीवर लावला तर त्यात गैर काही नाही. सोलापूरच्या डाईंगमध्ये अशा तक्त्यांचीच खरी गरज आहे. इंग्रजी पीडीएफ तिथे तशीही कुणी वाचत नाही. पूर्ण मानकाचे ओळीगणिक भाषांतर करून वाटणे ही वेगळी गोष्ट, त्याला परवानगी हवी.

राहिला पैशाचा प्रश्न. प्रत्येक कारखान्याने वेगळा संच घ्यावा असे कुणी म्हणत नाही. उद्योजकांच्या संघटनेने एक छापील संच विकत घेऊन वाचायला ठेवावा, किंवा अनेक वापरकर्त्यांचा परवाना घेऊन सभासदांत खर्च वाटून घ्यावा. चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच करून घेणाऱ्याला तर बहुधा मूळ मानकाची गरजच पडत नाही. अहवालात पद्धतीचा क्रमांक आणि निकाल आला की बायर मानतो. प्रकाशकांनाही सांगण्यासारखे आहे: अमेरिकेतली अग्निसुरक्षेची एनएफपीए ही संस्था आपली मानके पडद्यावर मोफत वाचू देते, उतरवून घेऊ देत नाही, आणि तरीही पुस्तके विकते. आयएसओने निदान लहान उद्योगांसाठी एवढे करायला हरकत नसावी.

आणि बायरनेही आपला वाटा उचलावा. मानकाचा क्रमांक लिहायला त्याला काहीच पडत नाही, म्हणून तो एका टॉवेलसाठी आठ-दहा क्रमांक सहज लिहितो. नमुन्याच्या कुरियरचा खर्च कुणी द्यायचा, चाचणीची फी कुणी भरायची, यावर भाव ठरवतानाच घासाघीस होते. मानकांच्या प्रती कोण पुरवणार ही ओळही त्याच वेळी, त्याच कागदावर घालावी.