शेजारच्या बाकावर कोण?

पुण्या-मुंबईला एखादी ताई किंवा वहिनी असतेच, जिने पोराला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलेलं असतं. मे महिन्यात ती गावाला आली की ओटीवर चर्चा रंगते. आजीचा प्रश्न ठरलेला: "अगं, पण पोरगं चार माणसांत मिसळणार कसं?" ताई आठवड्याचं वेळापत्रक सांगते. पोहणं, तबला, ट्रेक, विज्ञानाची शिबिरं. आजीला काही ते पटत नाही. आणि तुम्ही मोबाइलमधून मान वर काढून विचार करता, बाजू कुणाची घ्यायची?

उत्तर देण्याआधी थोडी माहिती. होमस्कूलिंग म्हणजे पळवाट नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न केल्यास पालकांना शिक्षा ठेवलेली नाही. त्यामुळे घरी शिकवणारी कुटुंबं एका धूसर जागेत राहतात. परीक्षेची सोय मात्र आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून १४ वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं. आपल्याकडचा १७ नंबरचा फॉर्म तर तुम्हाला माहीतच आहे. प्रत्येक गावात तो भरून दहावी निघालेला एखादा दादा असतो. फरक इतकाच, की त्याने शाळा सोडली ती परिस्थितीमुळे, आणि ताई सोडतेय ती ठरवून.

ठरवून सोडण्याचं गाजलेलं उदाहरण मुंबईच्या मालविका जोशीचं. सातवीनंतर आईने तिला शाळेतून काढलं. ती घरी शिकली, प्रोग्रामिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये तिला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. बारावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून आयआयटीचं दार मात्र तिला बंद होतं. आपल्याच जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी तर १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला पाठ फिरवून काशी गाठली होती, त्याआधी प्रमाणपत्रं जाळूनही टाकली होती. तेव्हा शाळा-कॉलेजबाहेर शिकता येतं, हा वादाचा मुद्दाच नाही.

वाद आहे तो 'मिसळण्याचा'. आणि इथे तुम्ही कुणाच्या मताची वाट बघायची गरज नाही, कारण हा प्रयोग तुमच्यावर होऊन गेलाय. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तुमच्यातले बरेच जण शाळेतच होते. रेंजसाठी डोंगरावर चढणं, एका मोबाइलवर तीन भावंडं, व्हिडिओ बंद ठेवून 'येस मॅडम'. २०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नाही, निकाल लागला ९९.९५ टक्के. आता आठवून बघा, त्या काळात तुम्हाला काय हवंहवंसं वाटत होतं? भूमितीची प्रमेयं नक्कीच नाही. मधल्या सुट्टीतला डबा, एसटीतली खिडकीची जागा, भांडण आणि दुसऱ्या दिवशीची बट्टी.

पण शाळेत घातलं की मूल आपोआप माणसाळतं, हेही खरं नाही. चाळीस मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर वर्षभर गप्प बसलेलं पोर आपण सगळ्यांनी पाहिलंय. चिडवाचिडवी शाळेतच होते, आडनावावरून माणूस ओळखायलाही काही जण तिथेच शिकतात. उलट घरी शिकणारं मूल सुताराकडे, शेतावर, वाचनालयात, मोठ्यांशी आणि लहानांशी बोलत वाढू शकतं. आजीला वाटतं तसं ते एकलकोंडं होईलच असं नाही.

मग आजी चुकली का? नाही. फक्त तिचा प्रश्न अर्धा आहे. मूल मिसळतं का, याच्याइतकंच महत्त्वाचं आहे, ते कुणात मिसळतं?

हे महाडकरांना वेगळं सांगायला नको. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्यात सार्वजनिक पाणवठ्यांसोबत सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असं होतं. आपण २० मार्च १९२७ चं चवदार तळं लक्षात ठेवतो, शाळा विसरतो. महाड तालुक्यातले रामचंद्र बाबाजी मोरे शिष्यवृत्ती मिळवणारे हुशार विद्यार्थी. तरी जातीमुळे त्यांना महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला आणि तो मिळवायला झगडावं लागलं. पुढे हेच मोरे डॉ. आंबेडकरांना महाडच्या परिषदेला आणणाऱ्यांपैकी एक झाले. त्यांना हवा होता तो बाक. पाण्याइतकाच तो सगळ्यांचा होता.

होमस्कूलिंगबद्दल माझी खरी शंका इथे आहे. ताईचा मुलगा पोहायला जातो, ट्रेकला जातो, पण जातो तो आपल्यासारख्याच घरातल्या मुलांबरोबर. तोच पगार, तीच सोसायटी, बऱ्याचदा तीच जात. ते मूल बोलकं होईल, आत्मविश्वासाने वावरेल, पण वीटभट्टीवरून आलेल्या मुलाबरोबर डबा कधी खाणार नाही. अर्थात हा आरोप एकट्या ताईवर नको. भरमसाट फी घेणारी शाळा हेच करते, गेटवर वॉचमन ठेवून. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा गरीब मुलांसाठी ठेवल्या त्या हे कुंपण मोडायला. जवळ सरकारी शाळा असलेल्या खासगी शाळांना त्यातून सूट देण्याचा प्रयत्न राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला, तेव्हा त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाला तो रद्द करावा लागला.

आता घाटाकडे बघूया. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांतली घरं मुंबई-सुरतला गेली, शाळेचा पट उतरत गेला. झेडपीच्या शाळेत चार पोरं, त्यातलं एखादं आपल्या इयत्तेत एकटंच. त्याला सवंगडी मिळतात ते गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात, चाकरमानी आले की. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भट्ट्यांवर निघून जातात, सोबत त्यांची मुलंही. ही मुलंसुद्धा एका अर्थी शाळेबाहेरच वाढतायत. फक्त त्यांना कुणी होमस्कूलर म्हणत नाही आणि त्यांच्या 'सामाजिक विकासा'वर चर्चासत्रंही होत नाहीत.

सरकारने २०२३ मध्ये यावर समूह शाळांचा तोडगा काढला. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायच्या. एकटं मूल चार मुलांत येईल, हा युक्तिवाद कागदावर बरोबर आहे. पण जुलैत आमच्याकडचा ओढा कसा चढतो हे कागदाला माहीत नाही. २२ जुलै २०२१ ला एकाच दिवसात महाड पाण्यात गेलं आणि तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. अशा मुलखात सात-आठ वर्षांच्या पोराला लांबच्या शाळेत पाठवताना आईचा जीव थाऱ्यावर राहील? शाळा लांब गेली की आधी मुलीची शाळा सुटते, हे आपल्याला आजूबाजूला दिसतंच. कायद्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, ते उगीच नाही.

मग करायचं काय? वाडीतली शाळा राहू द्या. पण आठवड्यातून एक दिवस आसपासच्या छोट्या शाळांची मुलं केंद्रशाळेत एकत्र आणा, गाडीची जबाबदारी झेडपीची. खेळ, प्रयोग, गाणी, भांडणं, सगळं तिथे. आणि त्याच दिवशी त्याच मैदानात घरी शिकणाऱ्या मुलांनाही या म्हणा. होमस्कूलिंगला बंदी नको. पण कायद्याने त्याची साधी नोंद ठेवावी, आणि पालकांनी आपलं मूल स्वतःच्या वर्तुळाबाहेरच्या किती मुलांना नावाने ओळखतं हे तपासावं. पुस्तकी प्रगतीइतकीच तीही प्रगती आहे.

आणि तुम्ही? पुरानंतर चिखल उपसायला कुणी कुणाचं आडनाव विचारलं नव्हतं. तो धडा घरातही नव्हता आणि पुस्तकातही नव्हता. तुमच्या गावात आज चार पटाची शाळा असेल, तर शनिवारी दोन तास तिथे जा. कबड्डीची फळी आखा, कॅरम न्या, गोष्ट सांगा. एनएसएसचा कॅम्प त्या वाडीत घ्या म्हणून सरांच्या मागे लागा. पुढच्या मे महिन्यात ताई आली, की तिच्या पोरालाही सोबत न्या. तो आणि वाडीतलं पोर एका संघात आले, तर आजीला उत्तर देत बसायची वेळ येणार नाही.